वाळवी आणि घुण

रोहिणी नक्षत्र सरते आणि मृगाचा पहिला पाऊस पडून जातो. बेळगावच्या छावणीतील कौलारू बंगले, शहापुरातील विणकरांची घरे, पलीकडे खानापूरचे रान, ह्या सर्वांवर एकाच संध्याकाळी ओल्या मातीचा वास दरवळतो. घरात दिवे लागले न लागले तोच खिडक्यांतून पाखरांचे थवेच्या थवे आत शिरतात. दिव्याभोवती घिरट्या घालतात, ताटात पडतात, मुलांच्या अंगावर चढतात. गृहिणी वैतागून दिवा मालवते किंवा दिव्याखाली पाण्याची परात ठेवते. सकाळी केरसुणीच्या फटक्यासरशी पंखांचा ढीग निघतो. पाखरे मात्र कोठेच दिसत नाहीत. पावसाळी पाखरे एका रात्रीची, असे म्हणून सारे ती गोष्ट विसरून जातात. वस्तुतः ही वाळवीची वरात असते. वऱ्हाडातील बहुतेक मंडळी चिमण्या, पाली आणि बेडूक ह्यांच्या पोटी जातात. पण एखादे जोडपे पंख झटकून ओल्या मातीच्या फटीत शिरते आणि तेथे नवा संसार मांडते. त्या संसाराची वार्ता घरमालकाला काही वर्षांनी कळते. दाराच्या चौकटीला सहज हात लागावा आणि वरचा रंग तेवढा शाबूत असून आत बोट जावे, ही ती वार्ता होय!

त्याच घराच्या माळ्यावर दुसरे एक काम गुपचूप चाललेले असते. मागील वर्षी आणलेली कळकाची शिडी खाली काढावी, तर तिच्यातून पिवळसर पांढरे पीठ भुरभुरते. ते गव्हाच्या सपिटाइतके बारीक असते. शिडीच्या अंगावर टाचणीने टोचल्यासारखी वाटोळी भोके दिसतात. कोपऱ्यातील सुपाची, देवळातील पालखीच्या दांडीची, नव्याने घेतलेल्या स्वस्त खुर्चीची हीच अवस्था. हा घुण. संस्कृत पंडितांनी त्याला फार पूर्वीच ओळखून ठेवले होते.

व्यवहारात ह्या दोघांनाही ‘लाकडाची कीड’ हे एकच नाव मिळते, आणि नाव एक पडले की औषधही एकच योजले जाते. घोटाळा होतो तो येथेच. एका घरी घुणासाठी जमीन पोखरून विषारी औषध ओततात. दुसऱ्या घरी वाळवीने खाल्लेली चौकट काढून तेथेच, त्याच ओल्या भिंतीत, नवी कोरी चौकट बसवितात. दोन्ही घरांचे पैसे जातात आणि कीड राहते. म्हणून ह्या दोन जीवांची राहणी निरनिराळी पाहणे हे केवळ कीटकशास्त्रज्ञांचे कुतूहल नव्हे. ज्याच्या घराला लाकडी आढे आहे, त्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

पहिली गोष्ट नात्याची. वाळवीला इंग्रज लोक ‘पांढरी मुंगी’ म्हणत आले आणि आपल्याकडेही पुष्कळांची समजूत तीच आहे. परंतु मुंगी ही मधमाशी आणि गांधीलमाशी ह्यांच्या गोतातील. वाळवीचे खरे सोयरे म्हणजे स्वयंपाकघरातील झुरळ. पूर्वी शास्त्रज्ञ वाळवीचा वेगळा गण मानीत. २००७ साली आनुवंशिक पुराव्याच्या आधारे तो गण मोडून तिला झुरळांच्याच कुळात घालावे असे मत पुढे आले आणि ते आज सर्वमान्य झाले आहे. वाळवी म्हणजे लाकूड खाणारे, समाज करून राहणारे झुरळच म्हणावयाचे. घुण हा मात्र भुंगेरा आहे. त्याच्या पाठीवर कठीण कवच असते आणि कवचाखाली उडण्याचे पंख. ह्या दोन कुळांतील अंतर मांजर आणि माणूस ह्यांच्यातील अंतरापेक्षा कितीतरी अधिक आहे. घुणाची मादी अंडे घालते. अंड्यातून अळी निघते, अळीचा कोष होतो आणि कोषातून भुंगेरा बाहेर पडतो. वाळवीत कोषाची अवस्थाच नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू आईबापांची लहानशी प्रतिकृतीच असते आणि कात टाकीत टाकीत ते मोठे होते. ह्याचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. घुणाच्या घरात खाण्याचे काम बहुतांशी बालवयात उरकते, तर वाळवीच्या घरात लहानथोर सारेच राबतात.

वाळवीच्या ह्या राबण्याला तोड नाही. वारुळाच्या पोटात एक राणी आणि एक राजा असतो. मधमाश्यांचा नर मीलनानंतर मरतो. वाळवीचा राजा मात्र राणीच्या शेजारी जन्मभर राहतो. राणीचे पोट फुगून माणसाच्या बोटाएवढे होते, तिला जागचे हलताही येत नाही, आणि दिवसाला हजारोंनी अंडी घालणे हेच तिचे काम होऊन बसते. कामकरी वाळवीत नर व मादी दोन्ही असतात. दोघेही वांझ आणि दोघेही आंधळे. शिपाई वाळवीचे डोके व जबडे इतके मोठे, की तिला स्वतःच्या तोंडाने खाताही येत नाही. कामकऱ्यांनी भरवावे तेव्हा तिचे पोट भरते. ह्या साऱ्यांची कातडी अतिशय पातळ असते. कोरड्या हवेत किंवा उन्हात वाळवी थोड्या वेळात सुकून मरते. म्हणूनच ती उघड्यावर येत नाही. जमिनीतून भिंतीवर चढावयाचे झाले, तरी माती आणि थुंकी ह्यांची नळी बांधीत बांधीत ती त्या नळीच्या आतून चढते. भिंतीवर मातीची अशी रेघ दिसणे हीच वाळवीची सही.

बेळगावच्या दक्षिणेस खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडे जावे, तो तांबड्या मातीत पुरुषभर उंचीची वारुळे दिसू लागतात. हा महाल वाळवी बांधते. त्यात राहावयास नाग आला तर तो पाहुणा. नागपंचमीस दूध-लाह्या मिळतात त्या पाहुण्याला. आयत्या बिळात नागोबा ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली, त्याने वारूळ जवळून पाहिले असले पाहिजे. वारुळाला संस्कृतात वल्मीक म्हणतात आणि आदिकवीचे नावही त्यावरूनच पडले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूगर्भातील पाणी शोधण्याच्या खुणा देताना वारुळाचा वारंवार उल्लेख केला आहे, हे तितके ठाऊक नाही. अमुक झाडाजवळ वारूळ असेल तर अमुक दिशेस पाणी लागेल, अशा धर्तीचे ते ठोकताळे आहेत. त्यांतील प्रत्येक खरा ठरेल असे नाही. पण त्यामागचे निरीक्षण पक्के आहे. ओल असल्यावाचून वाळवी नांदत नाही.

ह्या महालाची हवा कशी खेळते, हाही एक चमत्कारच आहे. आपल्याकडच्या वारुळाला बाहेरून उघडे धुराडे नसते; मग आतल्या लाखो जीवांना प्राणवायू मिळतो कसा? बंगळूरच्या परिसरातील वारुळांत बारीक उपकरणे घालून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. दिवसा वारुळाचे बाहेरचे कंगोरे लवकर तापतात, त्यांतून हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात आणि प्रवाह उलटा फिरतो. दिवस आणि रात्र ह्यांच्या तापमानातील फरकावर चालणारे हे श्वसन आहे. त्याला ना पंखा, ना इंधन!

आता खाण्याविषयी. लाकडाचा मुख्य घटक म्हणजे काष्ठतंतू, म्हणजेच सेल्यूलोज. तो पचविणे बहुतेक प्राण्यांना साधत नाही. गाईलाही तो स्वतःच्या बळावर पचवता येत नाही. मग वाळवीला कसा पचतो? १९२०च्या दशकात क्लीव्हलंड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की काही जातींच्या वाळवीच्या आतड्यात एकपेशीय सूक्ष्म जीव असतात आणि लाकूड पचविण्याचे काम ते करतात. ते जीव नाहीसे केले, तर लाकूड पोटभर खाऊनही वाळवी उपाशी मरते. वाळवीच्या स्वतःच्या शरीरातही थोडाबहुत पाचक रस तयार होतो, हे जपानी संशोधकांनी १९९८ साली सिद्ध केले. तरीसुद्धा हा संसार चालतो तो बहुतांशी भाडेकरूंच्या कमाईवर.

खानापूरच्या रानात वारुळे बांधणाऱ्या वाळवीने तर ह्याहून मोठी युक्ती केली आहे. तिच्या आतड्यात ते एकपेशीय जीव नसतातच; ती शेती करते! कामकरी वाळवी काड्या, पाला, लाकूड चावून वारुळात आणते, आणि तिच्या विष्ठेचे सच्छिद्र पोळे रचले जाते. त्या पोळ्यावर एक विशिष्ट बुरशी वाढते. बुरशी लाकडातील चिवट द्रव्ये फोडते, आणि मग तिचे पांढरे मोती व पिकलेले पोळे वाळवी खाते. माणसाला नांगर सापडून दहा-बारा हजार वर्षेही झाली नसतील. वाळवीची ही शेती आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ह्या शेतीचे एक पीक मात्र माणसाच्याही ताटात येते. पावसाचा जोर बसला, की वारुळावर पांढऱ्या छत्र्या उगवतात. ती अळंबी. गोव्यात कोकणी भाषेत वारुळाला ‘रोयण’ म्हणतात आणि ‘रोयणीची अळमी’ बाजारात आली, की श्रावणाच्या आगेमागे गोवेकर वाटेल तो भाव मोजतो. हिची लागवड व्यापारी पातळीवर अजून माणसाला साधलेली नाही. ते बियाणे आणि ती मशागत वाळवीलाच ठाऊक. तेव्हा ज्या गृहस्थाने सकाळी चौकट खाल्ल्याबद्दल वाळवीला शिव्या घातल्या, तोच दुपारी अळंबीच्या रश्श्यासाठी तिचे ऋण घेत असेल, तर त्यात नवल नाही.

घुणाची गोष्ट अगदी निराळी. त्याला समाज नाही, राणी नाही, शिपाई नाही. घर बांधण्याची कला नाही आणि शेतीही नाही. प्रत्येक अळी एकटीच बोगदा खणते आणि एकटीच वाढते. तिला ओलही नको. उलट चांगले वाळलेले, सुताराने ‘आता काही भीती नाही’ म्हणून पसंत केलेले लाकूडच तिला आवडते. आणि सर्वांत मोठी गंमत ही, की लाकूड खाणारा म्हणून ज्याची दुष्कीर्ती, तो घुण लाकूड खातच नाही! काष्ठतंतू त्याला पचत नाही. त्याला हवे असते ते लाकडात साठलेले पिष्ट, म्हणजे तांदळाची खळ ज्याची होते तेच द्रव्य. झाडाने आपल्या पुढच्या पालवीसाठी जी शिदोरी खोडात ठेवलेली असते, तिच्यासाठी अळी सारे लाकूड दळून काढते, पिष्ट तेवढे पचविते आणि बाकीचे पीठ करून मागे टाकते. पोत्यातील एका मुठीसाठी सारे पोते दळावे, तसा हा प्रकार.

हे एकदा ध्यानात आले, की घुणाच्या सर्व आवडीनिवडी उलगडू लागतात. खोडाच्या आतला गर्द रंगाचा गाभा तो सोडून देतो, कारण तेथे पिष्ट नसते. बाहेरचा पांढुरका भाग मात्र फस्त करतो. सागवानाच्या तुळईचा गाभा शे-दीडशे वर्षे टिकतो. पण त्याच तुळईच्या कडेला पांढरा पट्टा राहिला असेल तर तो पीठ होऊन गळतो. मग लोक म्हणतात, सागालाही कीड लागली! घुणाची मादी अंडे घालण्यापूर्वी लाकडाला लहानसा चावा घेते. पिष्टाची चव लागली तरच ती तेथे थांबते. मग लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडे शोधून, आपली सुतासारखी अंडनलिका आत सरकवून ती अंडे ठेवते. ज्या लाकडाची छिद्रे त्या नलिकेहून बारीक, ते लाकूड आपोआप वाचले. रंग वा रोगण देऊन छिद्रे बुजविली तरीही ते वाचले. मात्र अंडी त्याआधी पडलेली नसावीत. कळकाला लागणारा घुण ह्याच्या जवळच्या कुळातील. त्याचे डोके टोपीखाली दडल्यासारखे असते, वरून दिसत नाही. आणि तेथे अळीच नव्हे तर मोठा भुंगेराही स्वतः पोखरीत आत जातो. कळकात पिष्ट विपुल, म्हणून त्याचा सुकाळ. उष्ण हवेत वर्षाला त्याच्या अनेक पिढ्या होतात.

बुरूड लोकांना हे पिष्टाचे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. तरी तोडलेले कळक ओढ्यात किंवा तळ्यात दगडाखाली दाबून काही आठवडे कुजत ठेवण्याची रीत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. पाण्यात पिष्ट आंबते, विरघळते आणि वाहून जाते. उरलेल्या कळकात घुणाला चाटण्यासारखे काही राहत नाही. त्या कळकाला काही दिवस वास येतो एवढीच काय ती अडचण. हल्ली घाईच्या काळात कळक रानातून थेट दुकानात येतो आणि दुकानातून थेट मांडवावर चढतो. मग त्याला वर्षाच्या आत घुण लागला तर दोष कोणाला द्यावा?

अळी लाकडात नागमोडी वाट काढते, तेव्हा कधी कधी तिच्या रेघांतून एखादे अक्षर उमटल्यासारखे दिसते. त्यावरून संस्कृतात ‘घुणाक्षरन्याय’ झाला. न योजता, केवळ योगायोगाने साधलेली गोष्ट म्हणजे घुणाक्षर. वाळवीच्या नशिबी असा न्याय आला नाही, आणि ते योग्यच आहे. तिच्या कामात योगायोगाचा भाग फार थोडा. येथे भ्रमराचेही नाव घेणे भाग आहे, कारण जुन्या वाशांना बोटभर रुंद, रेखीव वाटोळे भोक पाडणारा तो काळा भुंगा पुष्कळदा घुणाच्या पापाचा धनी ठरतो. कठीण काष्ठ भेदणारा हा भुंगा कोवळ्या कमळात मात्र अडकतो, हा कवींचा आवडता दाखला. तो लाकूड पोखरतो हे खरे. पण खात नाही. त्याचा आहार मध आणि पराग. भोक केवळ पिल्लांच्या घरासाठी.

निपाणीकडे वळले, की घुणाचा एक भाऊबंद भेटतो. निपाणीची वखार म्हणजे तंबाखूची वखार, हे समीकरण सर्वश्रुत आहे. विडीच्या तंबाखूवर ह्या गावाचा व्यापार उभा राहिला. ह्या तंबाखूला लागणारा तांबूस, तिळाएवढा किडा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्याच एका कुळातील आहे. त्याच्या कुळातील काही मंडळी युरोपात फर्निचर खातात, काही पुस्तकांच्या बांधणीतील खळ खातात. ह्याने तंबाखू, मिरची आणि हळद पसंत केली. ज्या तंबाखूचा काढा शेतकरी वर्षानुवर्षे किडी मारण्यासाठी फवारीत आला, तीच तंबाखू खाऊन हा पुष्ट होतो! त्याच्या आतड्याजवळ यीस्टसारखे सूक्ष्म जीव राहतात. ते त्याला जीवनसत्त्वे पुरवितात आणि काही विषे निकामी करतात. म्हणजे भाडेकरू येथेही आहेतच. वखारीच्या मालकाने आपल्या छताच्या वाशांतील पीठ आणि पोत्यातील पीठ एकाच किड्याचे समजू नये, एवढाच ह्यातील व्यावहारिक मुद्दा.

ह्या सीमाभागातील जुनी घरे मातीच्या जाड भिंतींची आणि लाकडी खांबांची. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा आणि दूधगंगा ह्यांना महापूर आला, तेव्हा काठच्या गावांत पुष्कळ भिंती कोसळल्या. ज्या उभ्या राहिल्या त्यांनी पाणी पिऊन घेतले. अशी ओली भिंत म्हणजे वाळवीला आमंत्रण. पुराची भरपाई मोजताना पडलेले घर दिसते. उभ्या घराच्या उंबऱ्याखाली पुढे काय सुरू होते ते कोणाला दिसत नाही. आणि केवळ लाकडाचाच प्रश्न असता, तर एक वेळ सोसून घेता आले असते. १९५६ पूर्वी हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्या काळातील आणि त्याआधीची खरेदीखते, वाटणीपत्रे, वतनाचे कागद, त्यांतील पुष्कळ मोडी लिपीतील, अजून कित्येक घरांत भिंतीतल्या फडताळात किंवा जमिनीवर ठेवलेल्या पेटीत आहेत. कागद म्हणजे शुद्ध काष्ठतंतू, वाळवीला पक्वान्नच. घुणाला नुसत्या कागदात गोडी नाही, पण वाळवी एका पावसाळ्यात पेटीचा तळ फोडून सारा दप्तराचा गठ्ठा मातीने भरून टाकते. इतिहासाचार्य राजवाडे १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करीत गेले, तेव्हा गावोगावच्या माळ्यांवरून त्यांना ती वेचावी लागली. जी त्यांच्या आधी वाळवीला सापडली, त्यांची मोजदाद कोण करणार? ज्याच्या घरी असे कागद असतील त्याने पेटी भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावी, वर्षातून दोनदा उघडावी, आणि मोडी वाचणारा कोणी सापडला तर कागदांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत.

ह्या दोघांनी जगातही कमी उत्पात केलेला नाही. लंडनमधील वेस्टमिन्स्टर हॉलचे पाचशे वर्षांहून जुने ओकचे छत भुंगेऱ्याने आतून पोकळ केल्याचे १९१३च्या सुमारास उघडकीस आले. पुढे दहा वर्षे खपून त्याला पोलादाचा आधार द्यावा लागला. नेपोलियनचा शेवट ज्या सेंट हेलेना बेटावर झाला, तेथे १८४०च्या सुमारास एका पकडलेल्या गुलामवाहू जहाजाच्या लाकडातून वाळवी उतरली आणि तिने जेम्सटाउन गावाची घरे आणि वाचनालयातील ग्रंथ खाऊन टाकले. ती वाळवी मातीत राहणारी नव्हती. कोरड्या लाकडातच बिऱ्हाड करणारी होती. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हिचे भाईबंद आढळतात. हिला मातीच्या नळ्या लागत नाहीत, आणि तिच्या लाकडाखाली खसखशीसारखे षट्कोनी दाणे पडतात. दाण्यांमुळे घुणाचा भास होतो; पण चिमटीत घेऊन पाहावे. पीठ बोटाला माखते, दाणे बोटांखाली खरखरतात.

उपायांच्या बाबतीत गेल्या शतकाने बरेच शहाणपण मिळविले, आणि त्यातील काही महागात पडून मिळविले. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम्‌ ह्या भारतीय संशोधकाने १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक ह्यांच्या क्षारांचे मिश्रण शोधून काढले; ते लाकडात मुरविल्यावर वाळवी, भुंगेरा आणि बुरशी तिन्ही दूर राहत. विजेच्या खांबांपासून अंगणातल्या कुंपणापर्यंत ते जगभर गेले. पुढे आर्सेनिकचे भय जाणवू लागले, आणि २००४च्या सुमारास अमेरिका व युरोप ह्यांनी राहत्या घरांसाठी त्याचा वापर थांबविला. वाळवीसाठी जमिनीत ओतली जाणारी ॲल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ही औषधे मातीत वर्षानुवर्षे टिकत म्हणून लोकप्रिय होती. नेमक्या त्याच गुणामुळे ती माणसाच्या रक्तापर्यंत पोहोचली, आणि २००१च्या स्टॉकहोम करारात त्यांचा समावेश करावा लागला. आज नवे घर बांधताना पायाच्या मातीला औषध देण्याची पद्धत भारतीय मानक ६३१३ मध्ये सांगितली आहे. ते काम जाणत्याकडून करवून घ्यावे. विहिरीजवळ तर हौसेने कधीच करू नये.

परंतु औषधाआधीची गोष्ट ही, की वाळवीचे लाकडाशी भांडण नाही, तिला ओल आणि माती हवी. गळके कौल, भिंतीला टेकून ठेवलेली जळाऊ लाकडे, न्हाणीघराचे झिरपणारे पाणी, मातीत रोवलेला खांबाचा बुंधा ही तिची दारे. खांब दगडी बैठकीवर घेतला, पाणी वळविले आणि अडगळ काढली, तर अर्धी वाळवी परत जाते. दिसलेली नळी मोडून चारदोन शेकडा कामकरी मारले, तर राणी तेवढे काही वेळात भरून काढते. शेतातील वारूळ मात्र शक्य तो राहू द्यावे. पालापाचोळा आणि वठलेली लाकडे ह्यांची माती करण्याचे काम रानात हीच करते. ती नसती, तर खानापूरचे रान आपल्याच केराखाली गाडले गेले असते.

घुणाला ह्यातील काहीच लागू नाही. जमिनीत औषध ओतणे, पाणी वळविणे, बुंधा उचलणे सारे व्यर्थ. तो उडत येतो आणि विकत आणलेल्या लाकडातूनच बहुधा घरात शिरतो. रबराच्या झाडाचे लाकूड हल्ली फर्निचरला पुष्कळ वापरतात. ते देखणे असले तरी पिष्टाने भरलेले असते. म्हणून टाकणखार आणि बोरिक आम्ल ह्यांच्या द्रावणात मुरविल्याखेरीज ते घेऊ नये, आणि दुकानदाराला तसे स्पष्ट विचारावे. सुताराकडून सामान करवून घेताना पांढरा पट्टा काढून टाकण्याचा आग्रह धरावा, मग लाकूड थोडे वाया गेले तरी चालेल.

आणि घरातल्या जुन्या खुर्चीला भोके दिसली, तर लगेच घाबरू नये. भोक म्हणजे घुण बाहेर पडून गेल्याची खूण. आत कोणी उरले आहे की नाही ते भोक सांगत नाही. पीठ झाडून टाकावे, खुर्चीखाली काळा कागद पसरावा आणि आठ-पंधरा दिवस ती कोणी हलवू नये. कारण हलविल्याने जुने पीठही गळते. त्यानंतर कागदावर नवे पीठ पडलेले दिसले, तर आत काम चालू आहे असे समजून टाकणखाराचे द्रावण पाजावे, आणि कागद कोरा राहिला, तर मेणाने भोके बुजवून त्या खुर्चीवर खुशाल बसावे.